सही करण्याआधी लाल पेन्सिल: कंपनीच्या ॲग्रीमेंटमधलं काय टिकतं, काय टिकत नाही

शिरोली एमआयडीसीतले एक कारखानदार माझ्या ऑफिसात आले. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (धातूचे भाग कापणारी संगणकी मशिनं), सात माणसं. पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीचं मशिनिंगचं काम मिळत होतं आणि त्याबरोबर चौदा पानांचं इंग्रजी ॲग्रीमेंट आलं होतं. दादांनी ते टेबलावर पालथं ठेवलं, शेवटचं पान वर.

"मॅडम, सही कुठं कुठं करायची तेवढं सांगा. वाचून काय उपयोग? बदल मागितला की ऑर्डर जातीय."

तेवीस वर्षांच्या वकिलीत मी ही दोन प्रकारची माणसं सारखी बघते. एकाला वाटतं, सही केली म्हणजे सगळं संपलं, आता कागद म्हणेल तसं नाचायचं. दुसऱ्याला कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलेलं असतं की 'असली कलमं कोर्टात टिकत नाहीत, करा सही बिनधास्त'. मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते. कारण रद्दबातल कलम कोर्टात मरतं हे खरं, पण कोर्टात जायच्या आधी दोन-तीन वर्षं ते तुमचं बिल अडवून जिवंत असतं. कंपनी तुमच्यावर दावा लावत नाही. ती डेबिट नोट, म्हणजे 'एवढे पैसे तुमच्याकडून कापले' अशी चिठ्ठी, काढते आणि तुमच्याच पैशातून वळते करून घेते. मग दावा लावायची पाळी तुमच्यावर येते.

म्हणून ॲग्रीमेंट वाचायची माझी पद्धत साधी आहे. लाल पेन्सिल घ्यायची. कायद्यालाच जे मान्य नाही त्याला रेघ. कायद्याला मान्य आहे पण आपल्याला महाग पडेल, त्याला प्रश्नचिन्ह. बाकी सोडून द्यायचं. रेघेवर भांडायचं, प्रश्नचिन्हावर घासाघीस करायची.

आधी एक गैरसमज काढून टाकू. भाव कमी मिळाला म्हणून कोर्ट मदत करत नाही. १८७२ चा करार कायदा तुम्हाला वाईट सौदा करायची पूर्ण मोकळीक देतो. शंभराचं काम तुम्ही राजीखुशीने साठला घेतलंत तर वरचे चाळीस कुठलाही न्यायाधीश मिळवून देणार नाही. 'कंपनी मोठी, मी लहान, मला पर्याय नव्हता' हेही व्यापाऱ्याच्या तोंडी फारसं चालत नाही. १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली निकालात सर्वोच्च न्यायालयाने असमान ताकदीच्या करारातलं अन्याय्य कलम रद्द केलं, पण दोन्ही बाजू व्यापारी असतील तर हे तत्त्व लागू होणार नाही, असंही त्याच निकालात म्हटलं. तेव्हा 'अन्याय' हा शब्द बाजूला ठेवा आणि कायद्याने आखलेली नेमकी कुंपणं शोधा.

दादांच्या कागदावर आम्ही ती एकेक शोधली.

पैसे कधी मिळणार

सहाव्या पानावर होतं: माल कंपनीच्या क्वालिटी विभागाने पास करून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, काढल्यापासून १२० दिवसांनी पैसे, उशीर झाला तरी व्याज नाही. इथे पहिली लाल रेघ.

तुमच्याकडे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असाल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याचं कलम १५ म्हणतं की मुदत लेखी ठरलेली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवस. १२० वर तुमची सही असली तरी ४५ च. कलम १६ प्रमाणे त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने, आणि करारात 'व्याज नाही' लिहिलेलं असलं तरी.

आकडा मांडला की समजतं. बिल चार लाखांचं. हिशोबापुरता बँक दर ६ टक्के धरू, म्हणजे व्याज वर्षाला १८, महिन्याला दीड टक्का. पहिल्या महिन्याचं व्याज ६,०००. दुसऱ्या महिन्याचं ४,०६,००० वर, म्हणजे ६,०९०. दादांनी हे ऐकल्यावर पहिल्यांदा कागद सरळ केला.

आता जीआरएनची मेख बघा. कंपनी जीआरएन काढेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही, असं ते कलम म्हणत होतं. कायदा तसं म्हणत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच स्वीकृतीचा दिवस. म्हणून चलनाच्या तुमच्या प्रतीवर कंपनीच्या गेटचा शिक्का, सही आणि तारीख घेणं हे ड्रायव्हरच्या डोक्यात पक्कं बसवा. पुढचं सगळं त्या शिक्क्यावर चालतं.

दोन अटी मात्र लक्षात ठेवा. उद्यम नोंदणी माल पाठवायच्या आधीची हवी. भांडण झाल्यावर नोंदणी काढून जुन्या बिलांवर हा फायदा मागणारे येतात, त्यांचं जमत नाही. आणि हे संरक्षण मध्यम उद्योगाला नाही, फक्त सूक्ष्म आणि लघु. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत २५ कोटी आणि उलाढालीत १०० कोटी आहे, त्यामुळे आपल्या एमआयडीसीतले बहुतेक शेड त्यात बसतात. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांची नोंदणी होते, पण ती बँकेच्या कर्जापुरती.

बोलणी करताना कंपनीच्या खरेदी विभागाशी कायद्याची भाषा फार बोलू नका. त्यांच्या अकाउंटसला सांगा की आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. सीएला हे चटकन कळतं.

करार संपल्यावर काय करायचं नाही

नवव्या पानावर: करार संपल्यानंतर तीन वर्षं पुरवठादाराने पंपाचे भाग बनवणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं काम घ्यायचं नाही.

"म्हणजे मी मशीन विकून काय, शेती करू?" दादा म्हणाले.

करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणालाही कायदेशीर धंदा, व्यापार, पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. हे कलम फार कडक आहे. बंधन रास्त आहे का, मुदत थोडी आहे का, हे इंग्लंडातलं कोर्ट तपासतं. आपल्याकडे तो प्रश्नच येत नाही. १८७४ साली कलकत्त्याच्या दोन स्पर्धक दुकानदारांत ठरलं की एकाने त्या भागातला आपला धंदा बंद करायचा आणि दुसऱ्याने त्याबद्दल पैसे द्यायचे. पहिल्याने धंदा बंद केला, दुसऱ्याने पैसे दिले नाहीत. कोर्टाने सांगितलं, करारच रद्द, पैसे मिळणार नाहीत. बंधन एका मोहल्ल्यापुरतंच होतं, तरीही. बिचाऱ्याचं दुकानही गेलं.

अलीकडचं उदाहरण आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं. त्याचं व्यावसायिक काम बघणाऱ्या एजन्सीशी तीन वर्षांचा करार होता. त्यात असं होतं की करार संपल्यावरही दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर ती आधी या एजन्सीला दाखवायची आणि तिने तेवढीच रक्कम दिली तर तिच्याकडेच राहायचं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं नाही. करार चालू असताना असं बंधन चालतं, संपल्यावर नाही.

हा 'चालू असताना' आणि 'संपल्यावर' यातला फरक सोन्याचा आहे. करार चालू असताना 'आमच्या स्पर्धकाचं काम करू नका' हे बहुधा टिकतं. १९६७ चा गोलिकरी निकाल नोकरीचा होता, पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडून दुसऱ्या कंपनीत गेलेला माणूस, आणि तिथे बंधन टिकलं. धंद्याच्या करारातही, १९९५ च्या गुजरात बॉटलिंग आणि कोका कोला प्रकरणात, करार चालू असतानाचं बंधन न्यायालयाने मान्य केलं. म्हणून दादांच्या कागदावर 'करारानंतर तीन वर्षं' याला रेघ आणि 'करार चालू असताना' याला प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह अशासाठी की कंपनी महिन्याला किमान इतकं काम देईल अशी हमी कुठेच नव्हती. काम द्यायचं बंधन नाही आणि दुसऱ्याचं घ्यायचं नाही, हे परवडणारं नाही. तिथे किमान ऑर्डर मागा.

ड्रॉइंग गुप्त ठेवणं ही वेगळी गोष्ट. कंपनीची ड्रॉइंग, पॅटर्न, फिक्स्चर वापरून दुसऱ्याला तोच भाग बनवून द्यायचा नाही, हे करारानंतरही पाळावं लागतं आणि पाळावंच. याला कलम २७ ची ढाल पुढे करू नका.

आणि कलमाला एक अपवाद आहे, तो धंदा विकत घेणाऱ्यांनी पाठच करावा. नावासकट चालता धंदा, म्हणजे गुडविल, विकलं तर विकणाऱ्यावर बंधन घालता येतं. समजा तुम्ही चाळीस लाखांना चालती मिसळ विकत घेतली, पाटीसकट. विकणारा महिन्याभरात समोरच्या गाळ्यात तोच कट घेऊन बसला तर तुमच्या चाळीस लाखांचं काय? म्हणून लिहून घ्या: ठरलेल्या हद्दीत, खरेदीदार तो धंदा चालवतोय तोवर, विकणाऱ्याने तसाच धंदा करायचा नाही. हद्द मात्र कोर्टाला रास्त वाटली पाहिजे. 'राजारामपुरी' लिहा, 'महाराष्ट्र' लिहू नका. लोक हौसेने अख्खं राज्य लिहितात आणि आयतं मिळालेलं संरक्षण वाऱ्यावर सोडतात.

साठ दिवसांत बोला, नाहीतर हक्क गेला

अकराव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात: कोणतीही मागणी ६० दिवसांत केली नाही तर ती कायमची संपुष्टात येईल. लाल रेघ, जाड. कायद्याने पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षं दिली आहेत. कोर्टात जायची मुदत कराराने तोडता येत नाही, हे कलम २८ मध्ये पहिल्यापासून होतं. मग वकिलांनी युक्ती काढली: मुदत तोडत नाही, हक्कच संपवतो. १९९७ च्या दुरुस्तीने तीही वाट बुजवली. बँक गॅरंटीला यात थोडी सवलत आहे, तिथेही एक वर्षाच्या खाली जाता येत नाही.

दंड

एक दिवस उशीर झाला तरी पाच लाख. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. मिळते ती रास्त भरपाई, आणि ती त्या आकड्याच्या वर जात नाही.

२०१५ चा कैलाशनाथ निकाल मी पक्षकारांना नेहमी सांगते. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या लिलावात ३.१२ कोटींची बोली, ७८ लाख अनामत भरलेली. पुढे प्राधिकरणाने वाटप रद्द केलं, अनामत जप्त केली आणि तोच भूखंड ११.७८ कोटींना विकला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, करार मोडल्याचं दिसत नाही आणि तुमचं नुकसान तर मुळीच झालेलं नाही, ७८ लाख परत करा.

पण यावरून 'दंडाचं कलम म्हणजे कागदी वाघ' असं समजू नका. नुकसान मोजणं अवघड असेल आणि आकडा आधीच विचारपूर्वक ठरवलेला दिसत असेल तर कोर्ट तो मान्य करतं, तसे निकाल आहेत. म्हणून इथे रेघ नाही, प्रश्नचिन्ह. आम्ही सुचवलं: 'उशीर झालेल्या मालाच्या किमतीवर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के, कच्चं कास्टिंग कंपनीकडून उशिरा आल्यास तो काळ वगळून.' शेवटचा तुकडा विसरू नका. निम्मे उशीर तिथूनच होतात.

भांडण कुठे आणि कुणापुढे

वाद झाल्यास कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक एकच लवाद नेमतील, ठिकाण दिल्ली. यात दोन गोष्टी आहेत, वेगवेगळ्या बघा.

लवाद नेमणं हे बेकायदा नाही. पण ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स निकालात नाकारलं. इथे रेघ. बदली शब्द: 'दोघांच्या लेखी संमतीने'.

दिल्ली हे ठिकाण मात्र टिकतं. दोघांनी मिळून लवादाचं ठिकाण कुठलंही ठरवता येतं, आणि ठिकाण दिल्ली म्हणजे लवादासंबंधीचे अर्ज दिल्लीच्या कोर्टात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून मला लोक विचारतात, 'मॅडम, आता आपलं सगळं इथंच ना?' तुमच्याच सहीने तुम्ही ते दिल्लीला पाठवलं असेल तर नाही. साध्या कोर्टाच्या बाबतीत नियम असा: ज्या कोर्टांना मुळात अधिकार आहे त्यातलं एक निवडता येतं, ज्याला अधिकारच नाही त्याला करार करून अधिकार देता येत नाही.

सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला यातून एक वाट आहे. थकलेल्या बिलासाठी तो एमएसएमई कायद्याखालच्या आपल्याकडच्या सुविधा परिषदेकडे जाऊ शकतो, आणि करारात लवादाचं कलम असलं तरी ही वाट बंद होत नाही, असं २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात ठरलं. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे एवढं कळल्यावर दादांनी दिल्लीचा नाद सोडला. "राहू दे दिल्ली," म्हणाले.

कागदावर नसलेलं

रेघा मारून झाल्यावर दादा जरा थांबले आणि मग म्हणाले, कंपनीतल्या एका माणसाशी तोंडी ठरलंय, दर नगामागे दोन रुपये त्याला रोख. ते कुठं लिहून घेता येईल का?

नाही. लिहिलंत तरी आणि नाही लिहिलंत तरी. कलम २३ मध्ये उद्देश बेकायदा असेल तर करार रद्द, आणि अशा सौद्यात फसलेला माणूस कोर्टाच्या दारात उभा राहिला तरी कोर्ट दार उघडत नाही. निम्मं बिलावर आणि निम्मं रोखीने, हेही तसंच: त्या निम्म्यासाठी माझ्याकडे येऊ नका. चार कारखानदारांनी बसून 'या दराच्या खाली कुणी काम घ्यायचं नाही' ठरवलं तर तिथे स्पर्धा कायदा आडवा येतो. संघटनेच्या बैठकीत हे हसतखेळत ठरतं आणि व्हॉट्सॲपवर पुरावा तयार होतो.

आणखी एक. पुरवठादाराच्या बाजूने सही करायला दोन नावं होती, दादांचं आणि मुलाचं. मुलगा सतरा वर्षांचा. कंपनीला वाटलं पुढची पिढी, दादांनाही अभिमान. अज्ञानाचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्याचा, करार मुळातच शून्य, हे १९०३ च्या मोहोरी बीबी निकालापासून ठरलेलं आहे. भागीदारीतही त्याला फक्त फायद्यापुरतं घेता येतं. नाव खोडलं.

गाळ्याचा कागद विचारला तर अकरा महिन्यांचं नोटरी केलेलं ॲग्रीमेंट निघालं. 'अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही' हे महाराष्ट्रात खोटं आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच लागतं, जबाबदारी मालकाची. मालकाला फोन लावायला सांगितलं.

पाठवायचं कसं

फोनवर बोलू नका, ईमेल करा. चार रकाने: पान, कलम, आताचे शब्द, सुचवलेले शब्द. 'बेकायदा' हा शब्द टाळा. 'कायद्याशी सुसंगत करण्यासाठी' लिहा, समोरच्या विधी विभागाला मान वाकवायला जागा राहते. आमच्या यादीत सहाच गोष्टी होत्या. वीस पाठवल्या असत्या तर एकही वाचली गेली नसती. शेवटी एक ओळ सुचवा: एखादं कलम रद्द ठरलं तरी बाकीचा करार चालू राहील. नाहीतर खराब कलमाबरोबर तुमचा दरही वादात ओढला जातो.

स्टॅम्पचं थोडक्यात: ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे शंभराऐवजी पाचशेचा लागतो. पण स्टॅम्प पाचशेचा असो की पाच हजारांचा, रद्द कलम त्याने जिवंत होत नाही.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. पैसे ४५ दिवसांत, मान्य. साठ दिवसांचं कलम काढलं. लवाद दोघांच्या संमतीने, ठिकाण दिल्लीच. तीन वर्षांचं बंधन फक्त करार चालू असतानापुरतं केलं, पण किमान ऑर्डरची हमी द्यायला नकार. दंड आठवड्याला अर्धा टक्का, वर मर्यादा पाचऐवजी साडेसात. ऑर्डर गेली नाही.

किमान ऑर्डरवर दादा दोन दिवस अडून बसले, मग स्वतःच म्हणाले की कंपनी पंपांची आहे, मी गिअरबॉक्सवाल्याचं काम घेतो, तो काय त्यांचा स्पर्धक नव्हे. बरोबर होतं. सही केली. जाताना ड्रायव्हरला फोन लावला, आणि मला जिन्यातून ऐकू आलं: "आरं, गेटवरचा शिक्का घेतल्याबिगर गाडी हलवायची नाय. तारखेसकट."